बोटभर वस्तू, हातभर दोरा

श्रावण सरत आला की वऱ्हाडातल्या बाजारपेठांचा रंग पालटतो. अमरावतीच्या इतवाऱ्यात, अकोल्याच्या जुन्या बाजारात दोरखंड, मोरक्या, वेसणी, घुंगरमाळा, गोंडे आणि बेगडी बाशिंगांचे ढीग लागतात. पोळा तोंडावर आलेला असतो. थोरल्या बैलांच्या या साजाशेजारीच वीतभर उंचीचे लाकडी नंदी मांडलेले असतात, चाकांवर उभे आणि नाकाशी दोरी बांधलेले. हे तान्ह्या पोळ्याचे बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं ते सजवून ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेऊन परततात. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ साली मुलांसाठी हा पोळा सुरू केला असं सांगितलं जातं. तिथून तो विदर्भभर पसरला आणि वऱ्हाडातल्या गल्ल्यांमध्येही रुजला.

नंदी बाजारातून येतो, पण त्याची झूल पुष्कळ घरांत अजून हातानंच होते. खऱ्या बैलाच्या झुलीला वारभर कापड, अस्तर, जरीचे काठ आणि शिंप्याचं यंत्र लागतं. लाकडी नंदीची झूल मात्र आई, आजी किंवा आठवीतली बहीण एका संध्याकाळी उरकते. अलीकडे या कामासाठी पहिली पसंती असते ती फेल्टला. स्टेशनरीच्या दुकानात वहीच्या पानाएवढे त्याचे रंगीत ताव मिळतात. शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेल्या तावाचा उरलेला तुकडा दप्तरात असतोच. त्यातूनच झूल निघते.

आधी जुन्या वर्तमानपत्राचा कागद नंदीच्या पाठीवर टाकून माप घ्यायचं, वशिंडापासून शेपटीच्या बुडापर्यंत. मग दोन्ही बाजूंना पोटाखाली थोडा उतरेल एवढा चौकोन कापायचा आणि वशिंडासाठी पुढच्या कडेला मधोमध एक चीर द्यायची. हा कागद फेल्टवर ठेवून खडूनं आखून घेतला की कात्री चालवायला हरकत नाही. कडेनं पिवळ्या दोऱ्याचा काज टाका घालायचा. टाके सारख्या अंतरावर पडावेत म्हणून काही जणी आधी पेन्सिलीचे ठिपके देतात. मधल्या पट्ट्यात साखळी टाक्याची वेल, चार कोपऱ्यांत आरशाचे चार आभले, खालच्या कडेला लोकरीचे बारके गोंडे आणि पोटाखाली बांधायला दोन नाड्या. जेवणं आटोपून बसलं तर झोपायच्या आत झूल तयार. सकाळी नंदीच्या पाठीवर ती चढली की पोरगं ती दिवसभर कुणाला हात लावू देत नाही.

या सोपेपणाचं कारण फेल्टच्या घडणीत आहे. कापड म्हटलं की उभा ताणा आणि आडवा बाणा आलाच. कात्री लागली की त्यातले दोरे सुटतात, म्हणून कड दुमडून तुरपावी लागते. फेल्टमध्ये ताणा नाही नि बाणाही नाही. मेंढीच्या लोकरीच्या प्रत्येक तंतूवर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळण्याचा जोर मिळाला की तंतू एकमेकांत सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि मग ते मागे फिरत नाहीत. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतला की आकसून जाड होतो, त्याचंही कारण हेच. आपल्याकडच्या दुकानांतला ताव बहुतेक वेळा लोकरीचा नसतो. तो पॉलिएस्टरचा किंवा ॲक्रिलिकचा असतो आणि काटेरी कडांच्या असंख्य सुया तंतूंच्या थरात वरखाली मारून यंत्रावर तयार होतो. त्यामुळे त्यावर गरम इस्त्री ठेवली की तो वितळतो. पहिल्या दिवशीच हे ध्यानात ठेवलेलं बरं. पण लोकरीच्या फेल्टचा मुख्य गुण त्यात आहे. कुठूनही कापा, कड सुटत नाही.

लहान वस्तूंच्या कामात हा गुण फार मोलाचा ठरतो. दीड इंचाचं पान कापडातून कापायचं तर पाव-पाव इंच दुमडण्यातच जातं, टोक गोल होतं, कोपऱ्यात कापडाची गाठ होते. फेल्टमध्ये पान कापलं तसंच राहतं. म्हणून भरतकाम शिकणाऱ्या मुलीला किंवा मुलाला आज पहिलं कापड फेल्टचं द्यावं. दुमडणं आणि तुरपणं यांत हात अडकत नाही, सगळं लक्ष टाक्यावर राहतं आणि पहिल्याच बैठकीत हातात पुरी झालेली वस्तू येते.

जगात ही रीत फार जुनी आहे. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिक नावाच्या ठिकाणी बर्फानं जपलेली थडगी सापडली. तिथल्या पाचव्या थडग्याचं उत्खनन सर्गेई रुदेन्को यांनी १९४९ साली केलं, तेव्हा त्यातून रंगीत फेल्टचे हंस बाहेर आले. आत भराव घातलेले आणि शिवून आकार दिलेले हे हंस दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणाच्या तरी बोटांखालून गेले होते. आज ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. घोड्यावर राहणाऱ्या, तंबू उचलून पुढं जाणाऱ्या माणसांनीही फेल्ट फक्त तंबूला आणि खोगिराला वापरलं नाही. कुणीतरी त्याचे हंस करत बसलं.

दुसरं उदाहरण जर्मनीतलं. गिंगेन गावची मार्गारेटे स्टाइफ दीड वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. पाय गेले आणि उजवा हातही अधू झाला. तरीही ती शिवण शिकली आणि १८७७ साली तिनं फेल्टच्या कपड्यांचं दुकान काढलं. १८८० च्या सुमारास तिनं एका मासिकातला नमुना पाहून टाचण्या खोचायला फेल्टचा छोटा हत्ती शिवला. मुलांनी टाचण्या बाजूला ठेवल्या आणि हत्ती खेळायला उचलला. पुढं त्याच घरातून जगभर गेलेला खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. हातात मावेल एवढ्या एका वस्तूतून एवढा पसारा वाढला.

भारतात फेल्ट आणि भरतकाम यांची जुनी जोडी काश्मीरच्या नमद्यात दिसते. लोकर दाबून केलेल्या जाजमावर आरीनं साखळी टाक्याची फुलं भरतात. महाराष्ट्रातही दख्खनी मेंढीची भरड लोकर अशीच दाबून ‘जेन’ करण्याची रीत कोल्हापूरकडे आहे. वऱ्हाडात मात्र दाबलेल्या लोकरीची अशी परंपरा नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, इथं लोकरीचं जाजम घेऊन कोण बसणार? हा मुलूख कापसाचा. देवापुढची वातही इथं घरच्या कापसाची आणि गेजवस्त्रही घरच्याच कापसाचं. फेल्ट इथं गेल्या काही वर्षांतला पाहुणा आहे.

पण हातभर दोऱ्यानं बोटभर वस्तू सजवायची, तिच्या कडा राखायच्या, तिला गोंडे लावायचे आणि ती कुणाला तरी देऊन टाकायची, ही सवय इथं फार जुनी आहे. तिचा सगळ्यात श्रीमंत साठा बंजारा तांड्यांवर सापडतो.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ पर्यंत अकोल्याचाच भाग होता. त्याच्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं सर्वांत मोठं श्रद्धास्थान, संत सेवालाल महाराजांचं समाधिस्थळ. अकोला, वाशीम, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यात डोंगरांच्या कडेनं तांडेच तांडे आहेत. बंजारे इथं स्थिरावले ते रस्ते आणि रेल्वे आल्यावर. त्याआधी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणं, म्हणजे लदेणी, हा त्यांचा व्यवसाय होता. सैन्याच्या तळापर्यंत रसद पोचवणारेही तेच. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे १८६७ साली अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली आणि बैलांच्या कारवानाचं काम संपत गेलं. पाठोपाठ १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि कितीतरी भटक्या समाजांच्या कपाळी संशयाचा शिक्का बसला. तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं.

त्या काळातली एक नोंद मुद्दाम सांगण्यासारखी आहे. एन. आर. कंबरलेज हे वाशीमचे जिल्हा पोलीस अधिकारी होते. बंजाऱ्यांविषयीचं त्यांचं टिपण १८८२ साली छापलं गेलं आणि पुढं रसेल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात ते वापरलं. तांड्यातला एक बैल देवाला वाहिलेला असे. त्याला ‘हतादिया’ म्हणत. त्याच्या पाठीवर कधी ओझं लादत नसत, आजारी माणसाला त्याच्या पायाशी नेत. लाल रेशमी पट्टे, घंटा, पितळी साखळ्या, कवड्यांच्या माळा आणि चहूकडून लोंबणारे रेशमी गोंडे, असा त्याचा थाट. समाजावर नजर ठेवणं हे ज्यांचं काम, त्या पोलिसाच्याही डोळ्यांत हा बैल भरला. गोंडे कुणी वळले, कवड्या कुणी शिवल्या हे त्यांनी लिहिलेलं नाही. तांड्यात सुई बाईच्या हातात असते, त्यामुळे ते सांगावंही लागत नाही.

ज्यांचं घर बैलाच्या पाठीवर, त्यांची कलाही घडी करून नेता येईल अशीच घडली. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, काचळी म्हणजे पाठीवर बंदांनी बांधायची चोळी, आणि वर आरसे लावलेली ओढणी. हे मोठे कपडे सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण बंजारा सुईची खरी करामत छोट्या वस्तूंत पाहावी. पाण्याची घागर डोक्यावर घेताना लागणारी चुंबळ कवड्यांनी मढवलेली असते आणि तिच्या मागं मानेवर रुळणारा चौकोनी भरलेला तुकडा असतो. पैसे, सुपारी, तंबाखू ठेवायला कोथळ्या असतात. लग्नाच्या देण्याघेण्यात, सोयरिकीच्या बैठकीत या कोथळ्यांना मान असतो.

जुनी कोथळी हातात घेऊन पाहिली तर पहिल्यांदा जाणवतं तिचं वजन. एका चौकोनी कापडाचे तीन कोपरे मध्यावर आणून लिफाफ्यासारखे जोडलेले असतात आणि चौथा कोपरा झाकण म्हणून वर पडतो. कापड एकेरी नसतं. वर गडद तांबडं किंवा निळं जाड सुती कापड, खाली जुन्या धुतलेल्या कपड्यांचे थर आणि सगळ्यांतून आरपार गेलेले धावदोऱ्याचे अगदी जवळजवळचे टाके. उभे, आडवे, तिरके टाके घालत गेलं की कापड ताठ होतं, दबतं, जाड होतं. फेल्टची जाडी तंतू दाबून मिळते. बंजारा बाई तीच जाडी टाक्यांनी मिळवते. त्या जाड जमिनीवर मग फुली टाक्याचे चौकोन, त्रिकोण, नागमोडी पट्टे येतात. मोजून घातलेले, एक दोराही इकडचा तिकडे नाही. आणि हे कागदावर काढलेलं नसतं. नमुना डोक्यात असतो, माप बोटांत.

आरसा बसवण्याची रीत तर तासभर पाहत राहावी अशी. आरशाला भोक नसतं, त्यामुळे त्याला थेट टाका घालता येत नाही. म्हणून आधी आरसा कापडावर अंगठ्यानं दाबून धरतात आणि त्याच्यावरून दोन उभे नि दोन आडवे दोरे ताणून घेतात. मधे एक चौकट तयार होते. ती नीट ताणली गेली नाही तर पुढची सगळी मेहनत ढिली पडते. मग सुई चौकटीच्या दोऱ्याखालून घालून कापडात उतरवायची, पुन्हा वर काढायची आणि फासात अडकवायची. गोल फिरत गेलं की चौकट बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि आरशाभोवती दोऱ्याचं कडं बसतं. सरावलेला हात एक आरसा काही मिनिटांत बसवतो. नव्या हाताला पहिले दहा निसटतातच. कवडीचं काम वेगळं. तिची फुगीर पाठ घासून किंवा फोडून सपाट करतात, म्हणजे ती कापडावर टेकते आणि दात असलेली फट वर दिसते. एकेकाळी चलन असलेली ही कवडी मालदीवच्या समुद्रातून भारतभर यायची. वऱ्हाडच्या माळरानावर समुद्राची ती एवढीच खूण.

चार्लॉट क्वोन आणि टिम मॅक्लॉफ्लिन यांचं बंजारा वस्त्रांवरचं मोठं सचित्र पुस्तक २०१६ साली निघालं. प्रदेशागणिक हे भरतकाम कसं बदलतं ते त्यात बघायला मिळतं. कर्नाटकात बंजाऱ्यांना लंबाणी म्हणतात; तिथल्या सांडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. जुलै २०२३ मध्ये हम्पीला जी-२० च्या सांस्कृतिक गटाची बैठक झाली, तेव्हा साडेचारशेहून अधिक लंबाणी स्त्रियांनी केलेल्या १७५५ वस्तू एकत्र मांडून गिनेस विक्रम झाला. पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. ही मोठी गोष्ट आहे. पण टाका काचेमागं टिकतो तो नमुना म्हणून. शिकायचा असेल तर तो शेजारी बसूनच शिकावा लागतो, आणि शेजारी बसायला आता मुलींना वेळ कुठं आहे? तांड्यावरची घरं ऊसतोडीला जातात, शिकलेल्या मुली शहरात नोकरीला. फेटिया-काचळी तीज, लग्नं आणि १५ फेब्रुवारीची सेवालाल जयंती यांपुरती उरली, आणि त्यातही यंत्रावर भरलेले तयार पोशाख पुष्कळ. मुंबईच्या कुलाब्यात आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या बाजारांत जुन्या बंजारा कपड्यांचे तुकडे जोडून केलेल्या पिशव्या विकल्या जातात. एखाद्या आजीनं वर्षभर बसून भरलेली ओढणी दहा पिशव्यांच्या दर्शनी भागात वाटली जाते. घेणाऱ्याला ती सुंदर वाटते आणि ती असतेही. मात्र तिच्यावरचा नमुना कुठं सुरू झाला आणि कुठं संपला, हे पुन्हा कधीच कळत नाही. या नुकसानीबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, आणि बोलायला हवं.

कवडी आणि काच म्हटल्यावर वऱ्हाडी माणसाला गाडगेबाबा आठवल्याशिवाय राहत नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या बाबांच्या एका कानात कवडी असे, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, आणि अंगावर रंगीबेरंगी चिंध्या जोडलेलं वस्त्र. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. आज अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. चिंधीला चिंधी जोडली की अंगावर घालण्याजोगं काही उभं राहतं, हे या भागातल्या प्रत्येक घरानं वाकळ शिवताना पाहिलेलं असतं.

गावाशहरांतल्या घरांमध्ये लहान वस्तूंचं दुसरं ठाणं म्हणजे रुखवत. लग्नमंडपाच्या एका बाजूला लांब टेबलावर मुलीच्या हातच्या वस्तू मांडायच्या: क्रोशाचे रुमाल, मण्यांचं तोरण, ताटावरची झाकणं, सुपारीच्या बाहुल्या, वारकऱ्यांची दिंडी, बैलगाडी, तुळशीवृंदावन. वऱ्हाडी मंडळी जेवणाआधी रुखवताला एक चक्कर मारणारच, आणि बायका प्रत्येक वस्तू उलटून पाहणार. उलटून पाहणं महत्त्वाचं. भरतकामाचा कस मागच्या बाजूला लागतो. दोरा किती लांबवर उडवत नेला, गाठ कुठं मारली, रंग बदलताना टोक कसं दडवलं हे सगळं मागं दिसतं. अलीकडे रुखवत तयार विकत मिळतं, भाड्यानंही मिळतं. मुली परीक्षा देतात, नोकरी करतात. महिना-दोन महिने बसून दिंडी करायला त्यांना फुरसत नसते. मुलीच्या गुणांचं प्रदर्शन मांडून तिची पारख करण्याची ती रीत गेली तर बरंच झालं. हौसेनं केलेली वस्तू मात्र त्या रीतीबरोबर जाऊ नये. सुदैवानं ती गेलेली नाही. रुखवतावरचं गणपतीचं चित्र किंवा नावाचं तोरण आजही मैत्रिणी मिळून फेल्टचं करतात, कारण तेवढं चार संध्याकाळींत होतं.

तिसरं ठाणं बाळंतविड्याचं, आणि ते सगळ्यांत मऊ. झबली, टोपडी, दुपटी आणि कुंची. कुंची म्हणजे डोक्यावर टोपी आणि पाठीवर झालर असं एकच वस्त्र. टोकाला गोंडा, कपाळाच्या कडेला मोती नाहीतर टिकल्या. बाळाला ती जेमतेम वर्षभर येते. तरी तिच्यावर जेवढे टाके पडतात तेवढे आईच्या शालूवरही पडत नसतील. संक्रांतीच्या दिवसांत बोरन्हाण असतं. बाळाला काळं झबलं घालतात आणि त्यावर हलव्याचे दागिने: मुकुट, बाजूबंद, हार. हलवा पूर्वी कापडाच्या नाहीतर पुठ्ठ्याच्या पट्टीवर बसवत. आता काळ्या फेल्टची पट्टी वापरणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. ती बाळाला टोचत नाही आणि कापलेली कड तशीच चालते.

हे सगळं शिकवलं कुणी? घरातल्या बायकांनी आधी. आजीचा पहिला धडा दोऱ्याच्या लांबीचा असे: “धागा हातभरच घेजो बाई, लांब घेतला का गुतते.” त्यानंतर छापील नमुने आले. किर्लोस्करांचं ‘स्त्री’ मासिक १९३० साली सुरू झालं. अशा मासिकांनी विणकाम-भरतकामाचे नमुने गावोगावच्या घरांत पोचवले. शाळेत कार्यानुभवाचा तास होता. मॅटीच्या कापडावर फुली टाक्याचा रुमाल केला नाही अशी एका पिढीतली मुलगी सापडणं कठीण. लाकडी रिंग, कार्बन कागद, सहापदरी दोऱ्याच्या लड्या, आणि त्या सहांतले दोनच पदर वेगळे काढून सुईत ओवणं. मुलांना मात्र या तासाला सुतारकाम किंवा पुठ्ठाकाम दिलं जाई. ती चूक होती. बंजारा तांड्यावर आणि घराघरांत सुई बायकांची असली, तरी शिंपी, रफूवाले आणि जरीवाले बहुतेक पुरुषच असतात, आणि तान्ह्या पोळ्याला नंदी तर मुलगाही सजवतो. त्याला सुई धरायला शिकवायला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

या कामात आनंद कशाचा असतो, याचा शोध परदेशात थोडाफार घेतला गेला आहे. ब्रिटनमधल्या जिल रायली, बेटसन कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस यांनी विणकाम करणाऱ्या ३५४५ जणांची पाहणी करून २०१३ साली निष्कर्ष मांडले. जितक्या जास्त वेळा विणकाम, तितकं शांत आणि प्रसन्न वाटणं जास्त, असा संबंध त्यांना दिसला. पाहणी विणकामाची आणि लोकांनी स्वतःबद्दल दिलेल्या उत्तरांची होती, त्यामुळे तिच्यावर फार मोठा इमला चढवू नये. पण जिनं कधी चार ओळी भरल्या आहेत तिला त्यात नवल वाटणार नाही. सुई वर, सुई खाली, दोरा ओढायचा, पुरेसा ओढायचा, जास्त नाही. हात कामाला लागला की डोक्यातली गडबड आपोआप मंदावते.

मोठ्या कामापेक्षा छोट्या वस्तूत एक सोय जास्त आहे. ती संपते. पलंगपोस भरायला घेतलेला दिवाळीला सुरू होतो आणि पुढच्या दिवाळीलाही कपाटातच असतो. फेल्टचा चिमणा मोर, किल्लीचं लटकन, चष्म्याचं घर, राखी, पुस्तकात घालायची खूण, यांतलं काहीही दोन बैठकांत होतं. टाका चुकला तर उसवायला दोन मिनिटं. आणि झाल्यावर ती वस्तू साठवायची नसते, द्यायची असते. आपल्याकडच्या या सगळ्या वस्तू पाहिल्या तर स्वतःसाठी केलेली क्वचितच सापडते. झूल लेकराच्या नंदीसाठी, कुंची बाळासाठी, कोथळी सोयऱ्यांसाठी, राखी भावासाठी. करणारीच्या मनात घेणाऱ्याचा चेहरा असतो, आणि रंग त्या चेहऱ्याला पाहूनच निवडला जातो. दुकानातल्या वस्तूवर पैसा कितीही घातला तरी ही निवड विकत मिळत नाही.

साहित्य गोळा करायला वऱ्हाडात कुठं लांब जावं लागत नाही. नागपूर रस्त्यावरची बिझीलँड, सिटीलँड ही कापडाची घाऊक संकुलं अमरावतीची ओळख बनली आहेत. शिवणाऱ्यांकडे कातरणाच्या पिशव्या भरलेल्या असतात आणि मागितल्या तर मिळतातही. नांदगाव पेठेत हजार एकरांवर केंद्राचं पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यान उभं राहत आहे. त्याची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला झाली. अकोल्याच्या सावतराम मिलसारख्या या भागातल्या कापड गिरण्यांचे भोंगे बंद झाले, तरी कापसाचं कापड इथंच व्हावं ही आस जुनी आहे. त्या मोठ्या यंत्रांच्या शेजारी हातातली सुई आपली जागा धरून राहिली, तर तिला मिळणारं कातरणही याच मातीतल्या कापसाचं असेल.

विकायचं म्हटलं की प्रश्न किमतीवर येतो, आणि तिथं भल्याभल्या अडतात. आरसे लावलेली छोटी कोथळी नीट करायला दोन दिवस जातात. शेतमजुरीच्या दरानं जरी हिशेब केला तरी तिची किंमत गिऱ्हाइकाला महाग वाटते, आणि शेजारच्याच स्टॉलवर यंत्रावर भरलेली पिशवी त्याच्या पाव किमतीत टांगलेली असते. बचत गटांच्या प्रदर्शनात, मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये, लोणची-पापड भराभर खपतात आणि भरतकामाच्या टेबलावर लोक हात फिरवून पुढं जातात. यावर उपाय म्हणून काही जणींनी वस्तू लहान केली आहे. पिशवीऐवजी बिल्ला, ओढणीऐवजी कानातले, एका आरशाचं पदक. काम तेच आणि टाकाही तोच, पण तास कमी लागतात, त्यामुळे किंमत गिऱ्हाइकाच्या आवाक्यात येते आणि करणारीलाही मजुरी सुटते.

छोटी वस्तू संसाराला हातभार लावते याचं एक उदाहरण अमरावती जिल्ह्यातच आहे, फक्त तिथं सुईऐवजी बांबू आहे. धारणी तालुक्यातल्या लवादा गावी सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभ्या केलेल्या संपूर्ण बांबू केंद्रात मेळघाटातली कोरकू माणसं बांबूच्या बारीक पट्ट्यांपासून राख्या करतात. सुनील देशपांडे २०२१ साली कोरोनानं गेले, काम चालू राहिलं. राखी वजनाला हलकी, टपालानं कुठंही जाणारी, आणि दरवर्षी प्रत्येक बहिणीला नवी लागणारी. तांड्यावरची कवडी, आभला आणि काज टाका फेल्टच्या दीड इंची गोलावर आरामात बसतात. खाली लाल दोरा जोडला की राखी झाली. श्रावणी पौर्णिमेचा माल जूनमध्ये हाती लागायला हवा, म्हणजे सुया उन्हाळ्यातच चालायला हव्यात. पेरणीच्या आधीचे ते दिवस वऱ्हाडात हाताला काम नसण्याचेच असतात.